न दिलेलं पाणी

ऑक्टोबर लागला की मुलुंडला आमच्या सोसायटीच्या फाटकाशी असलेली सातवीण फुलते आणि माझं डोकं चढतं. लोक त्या वासाला गोड म्हणतात. मला तो घशात बसतो. चार महिने भिजून फुगलेलं शहर एकदम भट्टीत घातल्यासारखं होतं. पाठीवर घामोळं, रस्त्यावर खोदकामाची धूळ, आणि माणसांच्या आवाजाला एक धार. एरवी शिव्यांवर मिटणारी भांडणं या महिन्यात कॉलरपर्यंत जातात. घाटकोपरच्या एका इस्पितळात मी गेली सोळा वर्षं रेकॉर्ड रूममध्ये फायली लावते. ऑक्टोबरात फुटलेली डोकी जास्त येतात असं माझं आपलं मत आहे. कोणी मोजलेलं नाही.

यंदाही सातवीण फुलली आणि त्याच आठवड्यात फोनवर सूचना आली. तीस दिवस, तीस भाग, कथामालिका स्पर्धा. मी फोन उलटा करून ओट्यावर ठेवला आणि कणीक मळायला घेतली. तीन वर्षांपूर्वीपर्यंत आम्ही सगळे या सूचनेची वाट बघायचो.

आम्ही म्हणजे सात जण. मराठी कथांच्या एका ॲपवर एकमेकांच्या कथांखाली प्रतिक्रिया देता देता ओळख झाली, मग व्हॉट्सॲपवर गट निघाला. नाव ठेवलं ‘कच्चा खर्डा’. गटाचा एकच नियम होता. ‘छान’ म्हणायचं नाही. ॲपवर छान म्हणणारे पुष्कळ होते. आमच्याकडे भाग टाकताना लोक लिहायचे, “घ्या, फाडा.” आणि आम्ही फाडायचो. वाक्यं सोलायचो, परिच्छेदांचे गळे दाबायचो, एखाद्याचं लाडकं पात्र सगळे मिळून तुडवायचो. ज्याचं फाडलं जायचं तो दुसऱ्या दिवशी नवा खर्डा घेऊन हजर. इतक्या मारहाणीत इतकी माया मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

चेहऱ्यांच्या आधी आम्हाला एकमेकांच्या खोडी माहीत झाल्या. मंगेशदादा बोरिवलीचा, मूळ कुडाळचा. रिक्षा चालवतो आणि भुताच्या गोष्टी लिहितो. रिक्षात गॅस भरायच्या रांगेत थांबून फोनमध्ये बोलून लिहायचा, त्यामुळे त्याच्या भुतांच्या तोंडी मध्येच “ओ भाऊ, गाडी पुढे घ्या” असं यायचं. प्रज्ञा सव्वीस वर्षांची, दिंडोशीच्या टेकडीवरच्या वस्तीत आईबरोबर राहणारी, गोरेगावात चष्म्याच्या दुकानात काम करणारी. तिची वाक्यं आखूड असायची. शब्द वाया घालवणं तिला जमत नसे. आणि मी खून लिहायची. रोज फायलींतून जखमांची वर्णनं वाचून माझ्याकडे माल भरपूर होता. माझ्या कथांतली माणसं कवटी कुठे तडकते याचा अभ्यास करून मरायची. वाचक खूश असत. एकदा मी एका सावकाराला सतरा वार करून मारलं तेव्हा मंगेशदादाने लिहिलं, “तिसऱ्या वारात मेलो तो. पुढे मेल्या माणसाक कित्याक मारतंस गो?”

मी त्याला हसणारा चेहरा पाठवला. मला वाटायचं, हिंसा आपल्याला कळते.

तीन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात प्रज्ञाच्या वस्तीत एका माणसाला मारून टाकलं होतं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे असा कुठला तरी व्हिडिओ आठवडाभर सगळ्यांच्या फोनवर फिरत होता. हा माणूस शिलाई मशीन दुरुस्त करणारा. कुर्ल्याहून आला होता. एका लहान मुलीला त्याने पत्ता विचारला. कोणीतरी ओरडलं. त्याच्या पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर, पाने आणि तेलाची बाटली निघाली, आणि पिशवी उघडणाऱ्याने “हत्यारं आहेत” म्हणून हाक दिली. पुढे वीस-पंचवीस मिनिटं. पोलीस आले तेव्हा गल्ली रिकामी होती. काही जणांना पकडलं, पण पाहिलंय असं म्हणणारा एकही नव्हता. सगळी गल्ली त्या दुपारी म्हणे कुठे ना कुठे बाहेर गेली होती.

प्रज्ञा घरी होती. पोटमाळ्याच्या खिडकीत.

सात महिने ती त्याबद्दल कोणाशी बोलली नाही. ऑक्टोबरात स्पर्धा लागली तेव्हा तिने गटात लिहिलं, “मी त्या माणसाची गोष्ट लिहिणार.” पहिले भाग आले ते धुरकट होते. ‘जमाव’, ‘आक्रोश’, ‘काळी दुपार’. मी फाडले. मला माझं उत्तर अजून पाठ आहे. “डोळे मिटून लिहितेस. उघड. जे दिसलं ते लिही, त्याशिवाय अंगावर येत नाही.”

तिने उघडले.

एकविसाव्या भागाचा खर्डा आला तेव्हा मी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसले होते. पहिला फटका हेल्मेटचा होता. मग बांधकामावरची सळई. ती सळई मारणारा दर दोन फटक्यांनी थांबून कपाळाचा घाम पुसत होता. एक बाई बाल्कनीतून ओरडत होती, पण ‘मारू नका’ असं नाही, ‘माझ्या दारात नको’ असं. त्याचा एक दात उडून नळाच्या चौथऱ्यावर पडला आणि एका पोराने तो पायाने गटारात ढकलला. तो माणूस आधी देवाचं नाव घेत होता, मग बायकोचं, मग नुसतंच ‘पाणी’. आठ वेळा. प्रज्ञाने मोजलं होतं. समोर नळ वाहत होता. कोणीही दिलं नाही. एकाने त्याच्याच तेलाची बाटली त्याच्या तोंडात उपडी केली.

मी डबा बंद केला. तेरा वर्षं फायली वाचून जे झालं नव्हतं ते झालं, बेसिनपाशी जाऊन मी ओकले. मग तिला फोन लावला.

“प्रज्ञा, जबरदस्त आहे. पण वाचक मरेल गं. जरा श्वास घेऊ दे त्याला.”

“म्हणजे?”

“कोणीतरी पाणी देऊ दे. एखादी म्हातारी बाई, तांब्या घेऊन, त्या गर्दीतून. दोन ओळी पुरे.”

“पण ताई, कोणी दिलं नव्हतं.”

“कथा आहे ना? बातमी लिहितेस का तू?”

ती म्हणाली, “तू म्हणतेस तर घालते.” हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी आली, वाकली, त्याच्या ओठांना तांब्या लावला. दोन ओळी. मी वाचून म्हटलं, आता जमलं.

भाग प्रसिद्ध झाला आणि प्रतिक्रियांचा नुसता लोंढा आला. जो तो त्या म्हातारीवर लिहीत होता. माणुसकी जिवंत आहे. त्या माउलीला दंडवत. डोळे पाणावले. मला, खरं सांगते, अभिमान वाटला. त्या सगळ्या भागात तेवढ्या दोनच ओळी माझ्या होत्या आणि लोकांनी नेमक्या त्याच उचलल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी दोन प्रतिक्रिया आल्या. एक बिनफोटोच्या खात्यावरून होती. “कुठल्या खिडकीतून बघत होतीस ते आम्हाला पण माहीत आहे.” दुसरी एका शाळकरी मुलीच्या नावावरून. “मी कुर्ल्याला राहते. गोष्टीतले ते माझे पप्पा आहेत. आईने मला तुम्हाला विचारायला सांगितलं आहे की पाणी देणाऱ्या आजी कोण. आईला त्यांच्या पाया पडायचं आहे.”

प्रज्ञाने मला दोन्ही पाठवल्या. विचारलं मात्र दुसरीबद्दल, “हिला काय सांगू?”

मी लिहिलं, “काही सांगू नकोस. प्रत्येक वाचकाला उत्तर द्यायलाच हवं असं नाही.”

हे वाक्य मी कितीदा स्वतःशी म्हणून पाहिलं आहे. दर वेळी ते जास्त घाण वाटतं.

पहिल्या प्रतिक्रियेचं काय होणार ते मात्र मंगेशदादाला लगेच कळलं. “प्रज्ञाक आणि तिच्या आवशीक तुझ्याकडे घेऊन जाऊया. आत्ताच्या आत्ता.” भर दुपारी आम्ही दोघं त्याच्या रिक्षाने दिंडोशीला गेलो. टेकडीवर ऊन असं होतं की पत्रे तडतडत होते. प्रज्ञा आणि तिची आई दोन पिशव्या घेऊन खाली आल्या, आणि आम्ही रिक्षा वळवेपर्यंत चार जण पुढ्यात उभे.

ते ओरडले नाहीत. माझ्या कथांतले गुंड फार बोलतात. यांतल्या एकाने काही न बोलता सळईने पुढची काच फोडली. मंगेशदादा उतरला. “अरे बायका आहेत आत...” एवढंच म्हणाला, आणि दुसरा फटका त्याच्या कोपरावर बसला. हाड मोडण्याचा आवाज मी शंभर वेळा लिहिला होता. मी ‘काडकन’ लिहायची. तसा नसतो तो. ओल्या कपड्यांचं बोचकं जमिनीवर टाकावं तसा असतो. दादाचा हात भलत्याच दिशेला लोंबला. प्रज्ञाच्या आईने त्याच्यावर अंग टाकलं, तर तिला केसांना धरून बाजूला फेकलं.

मग मी काय केलं ते मी कुठल्याच कथेत लिहिलेलं नाही. फुटपाथचा उखडलेला एक पेव्हर ब्लॉक माझ्या हातात आला. सळईवाल्याची पाठ माझ्याकडे होती. मी तो ब्लॉक त्याच्या खांद्यावर घातला. तो गुडघ्यावर आला. मी पुन्हा घातला, या वेळी मानेजवळ. तो हात वर करून काहीतरी म्हणाला आणि त्या हातावर मी तिसऱ्यांदा घातला. मला राग आलेला नव्हता. मला बरं वाटत होतं. अंगातला सगळा उकाडा त्या ब्लॉकमधून बाहेर जात होता. त्याच्या बोटांतून रक्त आलं आणि मला आणखी हवं होतं. बाकीचे तिघे बाजूला झाले होते, लोक जमले होते, आणि कोणीतरी मागून ओरडलं, “मार, मार साल्याला!” ते माझ्यासाठी होतं.

“सोड गो!” मंगेशदादा जमिनीवरून ओरडत होता. “वैशाली, सोड! मरात तो!”

प्रज्ञाने मागून माझ्या कमरेला मिठी घातली आणि मला ओढलं. ब्लॉक पडला. त्या माणसाच्या चेहऱ्याकडे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. विशीतला होता. रडत होता.

दादाच्या कोपरात तीन स्क्रू आहेत. रिक्षा आता त्याचा भाऊ चालवतो, दादा शाळेच्या बसवर अटेंडंट म्हणून जातो. त्याने एकदाही मला किंवा प्रज्ञाला बोल लावला नाही. गटातल्या बाकीच्यांनी पाळ्या लावून महिनाभर त्याच्या घरी डबे पोचवले, आणि त्याची अर्धवट भुताची मालिका तो सांगेल तशी टाइप केली. प्रज्ञा आणि तिची आई सहा आठवडे माझ्याकडे राहिल्या. आल्या त्याच दिवशी प्रज्ञाने पोलिसांकडे जबाब दिला. फक्त त्या दुपारचा नव्हे, मार्चमधल्या दुपारचाही. “मी पाहिलंय” म्हणणारी त्या गल्लीतली ती एकटी. मीही ब्लॉकचं सांगितलं. माझ्यावरही गुन्हा नोंदला गेला आहे, त्याच्या तारखा चालू आहेत. ते योग्यच आहे.

रात्री आम्ही दोघी शेजारी झोपायचो. एकदा अंधारात मी विचारलं, “मी थांबले नसते ना?”

“नाही,” ती म्हणाली. तिने कधी शब्द वाया घालवले नाहीत.

खुनाच्या खटल्यात तिची साक्ष लागली ती गेल्या वर्षी, तीही ऑक्टोबरात. दिंडोशीच्या कोर्टात मागच्या बाकावर आम्ही गटातले सहाही जण बसलो होतो. आमच्या पुढे एक बारीक बाई, शेजारी शाळेच्या गणवेशातली मुलगी. चेहरा कधी पाहिला नव्हता, पण ती बाई ज्या तऱ्हेने प्रज्ञाकडे बघत होती त्यावरून मी ओळखलं. कांताताई. मेलेल्या माणसाची बायको; नाव नंतर कळलं.

प्रज्ञाने सगळं सांगितलं. हेल्मेट, सळई, दात. आरोपींपैकी तिघांकडे बोट दाखवलं. मग बचाव पक्षाचे वकील उठले. त्यांच्या हातात एकविसाव्या भागाचे छापलेले कागद होते.

“तुम्ही कथा लिहिता?”

“हो.”

“कथेत कल्पना असते?”

“असते.”

“यात एक म्हातारी तांब्या घेऊन येते आणि मयताला पाणी पाजते. ही बाई कोण?”

मला वाटलं उठावं आणि ओरडावं. उठले नाही.

“कोणी नाही. तशी बाई नव्हती.”

“म्हणजे तुम्ही रचलीत.”

“हो.”

“मग ही सळईसुद्धा रचली असेल.”

“नाही साहेब,” प्रज्ञा म्हणाली. “सळई होती. ती रचावी लागली नाही. पाणी कोणी दिलं नाही, म्हणून ते रचावं लागलं.”

पुढच्या बाकावरून एक आवाज आला, श्वास आत घेताना अडकतो तसा. कांताताईंनी पदर तोंडात कोंबला होता.

बाहेर आवारात त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. आम्ही समोर गेलो. नमस्कार नाही, काही नाही.

“दोन वर्षं,” त्या म्हणाल्या, “दोन वर्षं मी जेवायच्या आधी त्या म्हातारीला हात जोडते. इतक्या लोकांत एक तरी निघाली म्हणून. आणि तुम्ही म्हणता ती नव्हतीच.”

“ताई, चूक माझी आहे,” मी म्हटलं. “प्रज्ञाने खरंच लिहिलं होतं. ते पाणी मी घालायला लावलं.”

“तुम्ही होता तिथं?”

“नाही.”

“मग तुम्ही कशाला पाजलंत?”

आणि त्यांनी मारलं. उघड्या हाताने, कानाखाली. हात लहान होता पण कष्टाचा होता. माझा चष्मा फाटकापाशी जाऊन पडला. मंगेशदादा पुढे झाला, मी त्याला थांबवलं. कानात शिट्टी वाजत होती. आयुष्यात मला मिळालेल्या प्रतिक्रियांपैकी ती सर्वांत रास्त होती, हे मला तिथेच, गाल पेटलेला असताना कळलं. वाचकाला श्वास मिळावा म्हणून मी ते पाणी घातलं होतं. मरणाऱ्याचं काय, त्याच्या बायकोचं काय, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. आणि वाचक म्हणजे तरी कोण? डबा पुढ्यात घेऊन बसलेली मी.

“मी खिडकीत होते,” प्रज्ञा म्हणाली. “घरात भरलेला हंडा होता. मी पण नाही दिलं.”

कांताताई तिच्याकडे वळल्या. मला वाटलं आता तिलाही मारतील. त्यांचा हात वर गेलाही. पण तो प्रज्ञाच्या दंडावर येऊन थांबला, आणि त्यांनी तिला नुसतं घट्ट धरलं, बोटं रुतेपर्यंत.

“आज बोललीस,” त्या म्हणाल्या. “बस खाली.”

आम्ही सगळे तिथेच भिंतीच्या सावलीत बसलो. मुलीने माझा चष्मा आणून दिला. एक काच तडकली होती. प्रज्ञाने तो माझ्या हातातून घेतला, सवयीने काडी वाकवून सरळ केली आणि परत दिला. मग कांताताईंनीच बोलायला सुरुवात केली.

“ही वाचून दाखवते मला तुमची गोष्ट. सगळी ऐकली मी. चांगली लिहितेस. पण त्यात ते नुसते मार खातात. येतात आणि मार खातात. नाव पण नाही. ‘तो माणूस’, ‘तो माणूस’. असे नव्हते ते. भागवत नाव होतं. गावाकडं भजनात पेटी वाजवायचे. इथं आल्यावर पेटी गेली, तर मशीनवर बोटं वाजवायचे. हे कुठंय त्यात?”

प्रज्ञाने पर्समधून चष्म्याच्या दुकानाचं एक पॅड काढलं आणि लिहायला लागली. कांताताई बोलत राहिल्या. दुपार उलटली तरी आम्ही उठलो नाही.

खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही. प्रज्ञाने ॲपवरून ती मालिका काढून टाकली, आणि यंदाच्या स्पर्धेत आमच्यापैकी कोणीच नाही. पण ती नव्याने लिहिते आहे. मी मात्र त्यानंतर एकही खून लिहिलेला नाही. बसते, माणूस उभा करते, आणि त्याच्यावर हात उचलायची वेळ आली की माझ्या हाताला तो ब्लॉक आठवतो आणि किती बरं वाटलं होतं तेही आठवतं. मग मी त्या माणसाला घरी पाठवून देते. मंगेशदादा म्हणतो, तुझ्या गोष्टीत आता कायच घडत नाय. खरं आहे.

‘कच्चा खर्डा’मध्ये आता आम्ही आठ जण आहोत. आठव्या कांताताई, मुलीच्या फोनवरून. त्या लिहीत नाहीत, बोलून पाठवतात. काल संध्याकाळी प्रज्ञाने तिसरा भाग टाकला. कुर्ल्याची खोली, सकाळ, बायको डबा भरते आहे, भागवत कशावर तरी मोठ्याने हसतो आणि पिशवी खांद्याला लावून दिंडोशीला निघतो. मी वाचला. माझं बोट अक्षरांवर जाऊन थांबलं. गटात सगळेच आधी कांताताईंसाठी थांबले होते. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, मागे कुकरची शिट्टी.

“प्रज्ञा, ते मोठ्यानं नव्हते हसत. पुढचे दात किडलेले, त्याची लाज वाटायची, म्हणून तोंडावर हात धरून हसायचे. तेवढं बदल. आणि त्यांना इतक्यात त्या टेकडीवर पाठवू नको गं. अजून आंघोळ व्हायची आहे त्यांची.”